घायाळ हरणाच्या मागावर: कुत्रा, कायदा आणि आपले जंगल

बंगळुरूतल्या जयनगरच्या कुठल्याही ब्लॉकमधल्या उद्यानाभोवती सकाळी चक्कर मारली, तर पट्ट्याला बांधलेली निम्म्याहून अधिक कुत्री मूळची शिकारी निघतील. बीगल सशाच्या वासावर धावण्यासाठी जोपासला गेला. लॅब्रेडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर गोळी लागून पडलेला पक्षी शोधून, दात न रोवता मालकाकडे आणण्यासाठी घडले. आखूड पायांचा डॅशहाउंड बिळात शिरण्यासाठी तयार झाला. जर्मनीत तो आजही घायाळ हरणाच्या मागावर नेला जातो. इथे या सगळ्यांना फ्लॅटमध्ये राहायचे, बिस्किटे खायची आणि लिफ्टने खाली यायचे एवढेच काम उरले आहे.

याच जयनगरहून दक्षिणेला निघालेला रस्ता वीस किलोमीटरच्या आत बन्नेरघट्टाच्या जंगलाला टेकतो. तिथे चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे आणि त्यांना जखमी करणाऱ्या गोष्टीही आहेत: वाहने, शेताच्या कडेला लावलेल्या तारेच्या फासक्या, विजेचे उघडे कुंपण, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या. रस्त्यावर धडक बसलेले हरीण बहुधा जागेवर मरत नाही. ते लंगडत उठते आणि पाहता पाहता घाणेरीच्या झुडपात दिसेनासे होते. कोणीतरी फोन करते, वनखात्याची गाडी येते, रस्त्यावर रक्ताचे चार डाग दिसतात. पुढे काय?

जर्मनी, स्वीडन, नॉर्वे अशा देशांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: शिकवलेला कुत्रा बोलवा. आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा एवढेच, की आसपास पाहिले, सापडले नाही. कुत्र्याच्या नाकाने जखमी हरीण शोधण्याची विद्या नेमकी काय आहे, आपल्याकडे तिच्या जवळपास जाणारे काय होते आणि आहे, आणि ती इथे आणण्यात काय शहाणपण व काय धोका आहे, याचा हा आढावा.

माग कशाचा असतो?

कुत्रा रक्ताचा माग काढतो असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. रक्त मिळाले तर सोपे जाते, पण अनेक जखमांत ते बाहेर फारसे येत नाही. गोळी पोटात असेल किंवा गाडीच्या धडकेने आतच फुटले असेल, तर शंभर पावलांत रक्ताचा थेंब दिसेनासा होतो. अनुभवी कुत्रा तिथून पुढेही जातो, कारण त्याच्या नाकापुढे एक गुंफण असते. हरणाच्या खुरांच्या बेचक्यातल्या ग्रंथींचा स्राव, अंगावरून गळणारे केस आणि त्वचेचे कण, खुराने उकरलेली माती, चुरडलेले गवत, असे सगळे त्यात असते. कळपातली दहा हरणे एकाच वाटेने गेली, तरी त्यातल्या एकाचीच वाट धरून ठेवणे हीच या कामातली खरी परीक्षा.

ओलसर, सावलीच्या, वारा पडलेल्या जागी वास टिकतो. तापलेल्या खडकावर आणि कोरड्या धुळीत तो लवकर उडतो, मुसळधार पावसात वाहून जातो. म्हणून श्रावणातली पहाट आणि मार्चमधली दुपार यांत एकाच कुत्र्याची कामगिरी वेगळी दिसते. बन्नेरघट्टा किंवा बंदीपूरसारख्या पानझडीच्या जंगलात उन्हाळ्यात माग काही तासांचाच धरावा लागेल.

माणसानेही रक्त वाचायला शिकावे लागते. फिकट, फेसाळ रक्त फुप्फुसाला जखम झाल्याचे सांगते. गडद रक्त यकृताकडे बोट दाखवते. हिरवट, आंबूस वासाचा द्रव दिसला तर आतडी फाटली आहेत असे समजावे. यावरून किती थांबायचे ते ठरते. लगेच पाठलाग केला तर जखमी जनावर शेवटची ताकद लावून दूर पळते. त्याला निवांत सोडले तर ते जवळच आडोसा पाहून बसते. शिकारीत आतड्याला जखम झाल्यावर काही तास थांबण्याची रीत त्यातून आली. जनावर वाचवायचे असेल तर मात्र हीच रीत उलटी पडते, कारण थांबल्याने जीव जाण्याची शक्यता वाढते. हा पेच पुढेही येणार आहे.

युरोपातली शाळा

जर्मन भाषिक प्रदेशात या कामासाठी स्वतंत्र जाती तयार झाल्या. हॅनोव्हरच्या संस्थानी शिकारखान्यात घडलेला हॅनोव्हेरियन हाउंड ही त्यातली जुनी जात. तिची जोपासना करणारी संघटना १८९४ मध्ये स्थापन झाली. डोंगराळ भागासाठी हलक्या बांध्याचा बव्हेरियन माउंटन हाउंड आला आणि त्याचा क्लब १९१२ चा. या कुत्र्यांना वेगासाठी कोणी वाखाणत नाही. मान खाली, चाल संथ, गळ्यात रुंद पट्टा आणि मागे सुमारे दहा मीटर लांब दोरी, असा त्यांचा सरंजाम असतो. दोरी धरणारा मागून चालतो. कुत्रा थांबला की तोही थांबतो.

परीक्षा कठोर असते. जर्मनीतल्या एका प्रचलित चाचणीत किमान एक हजार मीटरचा कृत्रिम माग घालतात. त्यासाठी पाव लिटरच रक्त वापरायचे, तेही थेंबाथेंबाने किंवा स्पंजने टेकवत. मग तो माग वीस किंवा चाळीस तास तसाच ठेवतात. रात्र जाते, दव पडते, त्यावरून रानडुकरे जातात. त्यानंतर कुत्र्याला मागाच्या तोंडाशी आणतात. माग घालणारा कित्येकदा तळाला हरणाचे खरे खूर बसवलेले खास बूट घालतो, म्हणजे खुराचा वासही जमिनीत उतरतो.

हॅनोव्हरची जुनी पद्धत याहून वेगळी आणि आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. तिच्यात पिल्लाला रक्त दाखवतच नाहीत. निरोगी हरीण नजरेसमोरून कुठून कुठे गेले ते टिपून ठेवतात आणि काही वेळाने कुत्र्याला त्याच वाटेवर चालवतात. ज्या देशात हरणाचे रक्त आणि खूर खासगी माणसाने जवळ बाळगणे अडचणीत आणू शकते, तिथे एकाही जनावराला इजा न करता शिकवण्याची ही वाट मोलाची ठरते.

स्कँडिनेव्हियात शोधकुत्रा कायद्यातच आला आहे. नॉर्वेत मूस किंवा लाल हरणाच्या शिकारीसाठी मान्यताप्राप्त शोधकुत्रा उपलब्ध असणे बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये वर्षाला साठ हजारांहून अधिक वन्यप्राणी वाहनांना धडकतात. वाहनचालकाने पोलिसांना कळवायचे आणि धडकेची जागा खूण लावून दाखवायची. पोलीस यंत्रणा मग त्या भागातल्या नेमलेल्या शिकाऱ्याला कुत्र्यासह पाठवते. अमेरिकेत ही परंपरा उशिरा पोचली. न्यूयॉर्क राज्यात १९७०च्या दशकात जॉन जेनेनी यांनी राठ केसांचे डॅशहाउंड वापरून परवानगीने प्रयोग केले. पुढे एकेका राज्याने पट्ट्यावरच्या कुत्र्याला मुभा दिली. तिथल्या वादाचा गाभा साधा होता: कुत्र्याने हरीण पळवणे बेकायदा असेल, तर कुत्र्याने मेलेले किंवा मरायला टेकलेले हरीण शोधणे हे त्यातच मोडते का? पट्टा हे त्यावरचे उत्तर ठरले.

या सर्व ठिकाणी शेवट एकच असतो. कुत्रा जनावरापर्यंत नेतो आणि माणूस त्याचा त्रास संपवतो. युरोपात घायाळ हरीण शोधायचे ते मारण्यासाठी. उपचार हा अपवाद आहे. तिकडची विद्या इकडे आणताना हा फरक पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवा.

डोळ्याची कुत्री आणि नाकाची कुत्री

आपल्याकडे शिकारी कुत्र्याचा मान जुना आहे. जयनगरहून बसने कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयात गेले, की त्याचा दगडी पुरावा दिसतो. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरहून आणलेली ही शिला इ.स. ९४९-५०च्या सुमाराची. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवले, त्यानंतरचा प्रसंग तिच्यावर कोरला आहे. मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून धन्याकडे काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. ते पुढे एका मोठ्या रानडुकराशी भिडले आणि दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ शिला उभी राहिली आणि तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही कुत्र्यांच्या खेळाला आणि शिकारीला स्वतंत्र जागा आहे.

मराठी वाचकाला जवळचे नाव म्हणजे मुधोळ. बागलकोट जिल्ह्यातले हे घोरपड्यांचे संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी उंच, सडपातळ, पोट आत गेलेल्या या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजा पाचव्या जॉर्जला भेट दिली. महाराष्ट्रात हीच कुळी कारवान म्हणून ओळखली जाते, लांब केसांची पश्मी म्हणून. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या संशोधनाचे केंद्र आहे, आणि अलीकडच्या काळात लष्करानेही ही जात आजमावून पाहिली.

मुधोळ, कारवान, रामपूर ही सगळी डोळ्याची कुत्री. मोकळ्या माळावर ससा किंवा काळवीट दिसले, की ती वाऱ्यासारखी सुटतात आणि दमवून पाडतात. जखमी हरणाच्या कामाला याच्या नेमके उलटे गुण लागतात: समोर काही दिसत नसताना तासभर जमिनीला नाक लावून चालणे, वाटेत ताजा ससा उठला तरी जुना माग न सोडणे आणि शेवटी हरीण दिसल्यावर न धावणे. दख्खनच्या माळांनी वेगाची कुत्री घडवली, कारण तिथे शिकार दिसत होती. दाट जंगलात हाका घालणारी माणसे आणि मचाण यांवर भर राहिला. माग काढणे हे माणसाचे काम होते. सोलिगा, जेनू कुरुब, गोंड, फासेपारधी यांच्याकडे ते पिढीजात होते. नाकाचा कुत्रा आपल्याकडे इंग्रज शिकाऱ्यांबरोबर आला. जिम कॉर्बेटचा रॉबिन हा स्पॅनिएल त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. १९४४ मध्ये आलेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मध्ये त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. घायाळ जनावर जंगलात सोडून घरी परतणे हा त्या काळच्या शिकाऱ्यांतही कलंक मानला जाई आणि रॉबिनसारख्या कुत्र्याचे मोल त्यामुळे होते.

१९७२ नंतर

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला आणि शिकाऱ्याचा कुत्राही बेरोजगार झाला. या कायद्यातली शिकारीची व्याख्या रुंद आहे. मारणे तर आलेच, पण पकडणे, पाठलाग करणे, फासात अडकवणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांचा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. त्यामुळे एखाद्या सद्भावी माणसाने आपला बीगल घेऊन जखमी चितळाच्या मागे जंगलात शिरणे ही कायद्याच्या नजरेत मदत ठरेल याची खात्री नाही. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाय ठेवणे हा वेगळा गुन्हा आहेच.

हरीण सापडले आणि ते बरे होण्यापलीकडे असेल, तरी निर्णय कोणीही घेऊ शकत नाही. कायद्याच्या ११व्या कलमानुसार असाध्य आजारी किंवा अपंग वन्यप्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी द्यावी लागते. प्राण्याच्या अनुसूचीप्रमाणे हे अधिकार बदलतात. ही तरतूद गैरवापर रोखण्यासाठी योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की रात्री अकरा वाजता कंबर मोडलेले सांबर सापडले, तर कुत्र्याचे काम संपते आणि कागदाचे सुरू होते.

श्वानपथके काय शिकली?

वनखात्याला कुत्रे नवे नाहीत, पण त्यांना शिकवले गेले ते वेगळेच. वन्यजीव-व्यापारावर नजर ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ मध्ये वन्यजीव गुन्ह्यांसाठी श्वानांचे प्रशिक्षण सुरू केले. भोपाळ, पंचकुला, ग्वाल्हेरजवळचे टेकनपूर अशा पोलीस आणि निमलष्करी दलांच्या केंद्रांत कुत्रा आणि त्याचे हँडलर काही महिने एकत्र शिकतात. आधी जर्मन शेफर्ड, पुढे बेल्जियन मालिनॉइज या जाती आल्या. वाघ-बिबट्याचे कातडे, हाडे, हस्तिदंत, अस्वलाचे पित्त यांचा वास ओळखणे हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांनाही अशी कुत्री मिळाली. आसामात काझीरंगात आरण्यक या संस्थेचा जोरबा हा मालिनॉइज मारलेल्या गेंड्यापासून शिकाऱ्यांच्या पावलांचा माग काढण्यासाठी नावाजला गेला.

म्हणजे आपल्या कुत्र्यांना मेलेल्या प्राण्याचा अवयव आणि जिवंत माणूस शोधता येतो. जिवंत, जखमी प्राणी शोधण्याचा धडा त्यांच्या पाठ्यक्रमात नाही. तरीही गरज पडली तेव्हा त्यांना तिकडे वळवले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये बंदीपूरजवळ चौडहळ्ळी परिसरात दोघांचा बळी घेणाऱ्या वाघाच्या शोधात कुमकी हत्ती, माग काढणारे स्थानिक आदिवासी आणि विशेष व्याघ्र संरक्षण दलाचा राणा हा जर्मन शेफर्ड असे सगळे उतरले. वाघ बेशुद्ध करून जिवंत पकडला गेला. या मोहिमेतून एक गोष्ट दिसली: कुत्रा एकटा चालत नाही. आदिवासी माग वाचतो, कुत्रा तो माग पक्का करतो, हत्ती उंचावरून नजर आणि संरक्षण देतो, पशुवैद्यक डार्ट मारतो.

त्याच्या आदल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात उलटे चित्र होते. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, शोधायला हत्ती आणले, अत्तराची आमिषे लावली आणि केन कॉर्सो जातीचे दोन कुत्रेही आणले. केन कॉर्सो हा इटलीतला भारदस्त राखणदार. तो धीट असतो आणि दिसायला धाक घालतो. पण त्या जंगलाशी, त्या वाघिणीच्या वासाशी आणि तिथल्या पथकाशी त्याचा काही सराव नव्हता. कुत्र्यांमुळे वाघीण सापडली असे झाले नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली आणि मोहीम वादात सापडली. ऐनवेळी बाहेरून आणलेला कुत्रा प्रसिद्धी मिळवतो, माग मिळवत नाही, हा त्यातला धडा. तो हरणांच्या बाबतीतही तसाच लागू आहे.

जंगलातल्या अडचणी

पहिली अडचण हरणाच्या शरीरातच आहे. घाबरून पळताना, पकडल्यावर झटापट करताना हरणाच्या स्नायूंवर इतका ताण येतो की ते आतून मोडू लागतात. रक्तात आम्ल वाढते, मूत्रपिंडे निकामी होतात. जनावर तेव्हा उठून उभे राहिले तरी काही तासांनी किंवा दिवसांनी मरते. वन्यजीव पशुवैद्यकांना हा धोका रोजचा आहे. चितळ आणि भेकर याबाबतीत फार नाजूक. अशा जनावराच्या मागे भुंकणारा कुत्रा सोडणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली मारणे. म्हणून इथला कुत्रा दोरीवरच हवा, मुका हवा, आणि हरणापासून काही अंतरावर त्याला मागे घेऊन पशुवैद्यकाने पुढे जायला हवे. युरोपात जखमी हरणाला अडवून भुंकत उभा राहणारा कुत्रा वाखाणला जातो. इथे तोच नापास व्हावा.

दुसरी अडचण बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. बिबट्याला कुत्रा ही ओळखीची शिकार आहे, आणि रक्ताच्या वासावर तोही येतो. बन्नेरघट्टात त्यात हत्तींची भर. घाबरलेला कुत्रा मालकाकडे धाव घेतो आणि मागे लागलेला हत्तीही तिकडेच येतो. युरोपात रात्री डोक्याला दिवा बांधूनही माग काढतात. इथे सूर्यास्तानंतर शोध थांबवणे हाच शहाणपणा. त्यामुळे संध्याकाळी झालेल्या अपघाताचा माग सकाळी काढावा लागणार, आणि त्यासाठी जुन्या मागाचा सराव झालेला कुत्रा लागणार.

तिसरी अडचण रोगांची. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या कुत्र्यांचा आणि खोकडांचा अभ्यास अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी केला. कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर आणि पार्व्होसारख्या विषाणूंचा मोठा प्रसार त्यांना आढळला. २०१८ मध्ये गीरच्या दलखानिया भागात सिंहांचा मृत्यू झाला, त्यामागे डिस्टेंपरचा विषाणू होता. जंगलात कामाला नेलेल्या प्रत्येक कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशक, गोचीड-नियंत्रण आणि विलगीकरण काटेकोर नसेल, तर तो एका हरणाला शोधताना जंगलात आजार पेरून येईल.

चौथी अडचण सगळ्यांत नाजूक. हरणाचा माग काढणारा कुत्रा शिकाऱ्यालाही हवा असतो. कोकणात आणि पश्चिम घाटात कुत्री घेऊन पारधीला जाण्याची रीत पूर्ण संपलेली नाही. अशा वेळी हा सराव खासगी हौशी लोकांत पसरला, तर चोरट्या शिकारीला आयते हत्यार मिळेल. म्हणून हा कुत्रा वनखात्याच्या नोंदीत आणि ताब्यातच असावा. हौशी क्लबांची स्पर्धा इथे नको.

जखम करणारेही कुत्रेच

या विषयाला आपल्याकडे एक कडवट बाजू आहे. हरणांना जखमी करणाऱ्यांत मोकाट कुत्रे वरच्या क्रमांकावर आहेत. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतात कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्रजातींची संख्या ८० आली. त्यांतल्या ३१ प्रजाती संकटग्रस्त यादीतल्या. वनक बंगळुरूच्याच अत्री या संस्थेचे शास्त्रज्ञ. शहरांच्या कडेला, विद्यापीठांच्या आवारांत, माळरानांवरच्या काळविटांच्या कळपांमागे कुत्र्यांच्या टोळ्या धावताना दिसतात. गर्भार मादी आणि पाडस त्यात आधी सापडतात. कुत्रा चावलेल्या हरणाची जखम बाहेरून लहान दिसते, पण आत स्नायू फाटलेले असतात, जंतू शिरलेले असतात आणि रेबीजची शंका असते.

अशा जखमी हरणाच्या मागे पुन्हा एक कुत्रा न्यायचा, तेव्हा त्याच्या वासाने ते आधीच घाबरून उठेल. वाऱ्याची दिशा पाहून जाणे इथे जास्त गरजेचे. मुळात कचऱ्याचे उकिरडे, उघड्यावर टाकलेले मांस आणि नसबंदीची अपुरी मोहीम यांवर काम झाले, तर शोधण्याची वेळ येणारी हरणेच कमी होतील. रस्त्यांबाबतही तेच. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून जाण्याचे मार्ग बांधले गेले. जखमच टाळणारे हे उपाय कुठल्याही श्वानपथकापेक्षा मोठे आहेत, आणि कुत्र्याची मागणी करताना त्यांना मागे टाकता कामा नये.

ड्रोनने भागेल का?

आज कोणीही विचारील, की उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन असताना कुत्रा कशाला? माळरानावर, गवताळ भागात आणि पहाटेच्या थंडीत ड्रोन खरोखर जिंकतो. एकाच उड्डाणात तो मोठा पट्टा पाहतो आणि हरणाला हातही लावत नाही. पण घाणेरी आणि बांबूच्या छताखाली त्याला फारसे काही दिसत नाही. दिवसा तापलेले खडक आणि जनावर यांतला फरक पुसट होतो. कळपातले जखमी कुठले हेही वरून नेहमी कळत नाही. कुत्र्याला मात्र तेच कळते. त्यामुळे माळाला ड्रोन आणि झाडीला कुत्रा अशी वाटणी सोयीची दिसते. दोन्हींआधी तिथला माग वाचणारा माणूस हवा, कारण माग कुठून धरायचा हे तोच सांगतो.

मग काय करावे?

सारे पाहून झाल्यावर माझे मत असे झाले आहे: जखमी हरीण शोधणारा कुत्रा आपल्याला हवा, पण थोडा आणि बांधलेला. त्याआधी दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. एक, शोधलेल्या जनावराला नेण्याची जागा. बंगळुरूत केंगेरीला पीपल फॉर ॲनिमल्सचे वन्यजीव रुग्णालय आहे, पुण्यात बावधनला आणि नागपुरात गोरेवाड्याला उपचार केंद्रे आहेत. अशा केंद्रापासून गाडीने तासाभराच्या अंतरात असलेल्या वनक्षेत्रांतच हा प्रयोग अर्थपूर्ण ठरेल. जिथे उपचाराची सोयच नाही, तिथे हरीण सापडले तरी ते फक्त माणसांच्या गराड्यात मरेल. दुसरी गोष्ट, असाध्य जनावराबाबत निर्णय घेण्याचे अधिकार त्या भागातल्या ठराविक अधिकाऱ्याला, पशुवैद्यकाच्या लेखी मतासह, आधीच सोपवलेले असावेत.

सुरुवात एका रस्त्यापासून व्हावी. अपघातांची नोंद असलेला जंगलालगतचा पट्टा निवडावा. आधीच खात्यात असलेल्या श्वानपथकातला शांत स्वभावाचा एक कुत्रा आणि दोन हँडलर घ्यावेत. हॅनोव्हरच्या रीतीने निरोगी हरणांच्या वाटांवर त्यांना वर्षभर तयार करावे आणि सोबत स्थानिक माग काढणारा पगारी नेमावा. सोलिगा किंवा पारधी तरुणाला हे काम मिळाले, तर पिढीजात विद्येला कायदेशीर घरही मिळेल. प्रत्येक शोधाची नोंद व्हावी: फोन किती वाजता आला, माग किती तासांचा होता, हरीण सापडले का, जिवंत होते का, उपचारानंतर सुटले का. हे आकडे दोन वर्षांनी लोकांसमोर ठेवावेत. सापडलेल्यांपैकी वाचणारे फारच थोडे निघाले, तर प्रयोग थांबवण्याची तयारीही त्यातच हवी.

नागरिकांचे काम याहून सोपे आणि आजपासून करता येण्यासारखे आहे. कनकपुरा रस्त्याला तुरहळ्ळीच्या वनात कुत्रा मोकळा सोडू नये. तिथे बिबट्याही असू शकतो आणि हरीणही. रस्त्यावर जखमी हरीण दिसले तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे. तिच्यावर जागा, वेळ आणि हरीण कुठल्या दिशेने गेले ते सांगावे. मागे जाऊ नये, पाणी पाजू नये, फोटोसाठी घेरू नये. ते जिथे शेवटचे दिसले तिथे कडेला एखादा दगड किंवा फांदी ठेवावी आणि त्या जागेवर कोणाला चालू देऊ नये. माग माणसाने काढायचा असो की उद्या कुत्र्याने, दहा बघ्यांनी तुडवलेली जमीन दोघांच्याही कामाची राहत नाही.